मंगळवार, गुरुवार, शनिवार

माझ्या आईचं डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षं होऊन गेली. भेटेल तो माणूस विचारतो, मशीनवर किती वेळ बसावं लागतं, दुखतं का, खर्च किती येतो. मशीनचं काय, ते चार तासात आपलं काम करून मोकळं होतं. आठवड्याचे तास १६८, त्यातले मशीनवर १२. राहिलेले १५६ तास पेशंट घरात असतो, त्याला तहान लागते, खाज सुटते, झोप येत नाही, कधी कधी कुणाशी बोलावंसं पण वाटत नाही. त्या १५६ तासांचं काय करायचं हे आम्हाला डायलिसिसच्या सिस्टरांनी शिकवलं आणि ते कुठल्या फाइलमधे लिहिलेलं नसतं, म्हणून सवडीने लिहून काढतोय. कुणाच्या घरी नुकताच क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात साठणारी घाण, वाढल्याचा रिपोर्ट आला असेल तर त्यांना उपयोग होईल.

आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची दीड एकर द्राक्षबाग, मी कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला. आईला शुगर चौदा वर्षांपासून, बीपी नंतर कधीतरी लागलं. २०२१ च्या दिवाळीनंतर तिची शुगर एकाएकी खाली यायला लागली. सकाळी ३० युनिट इन्सुलिन घेणारी बाई १२ वर आली तरी शुगर ७०, कधी ६०, दरदरून घाम फुटायचा. आम्हाला वाटलं शुगर आटोक्यात आली, आईने तर देवापुढे नारळ फोडला. ती धोक्याची घंटा होती हे फार उशिरा कळलं. किडनी थकली की घेतलेलं इन्सुलिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, तेच जास्त वेळ काम करत राहतं, म्हणून शुगर उतरते. ज्यांच्या घरात जुनी शुगर आहे आणि इन्सुलिन अचानक कमी लागायला लागलंय त्यांनी उद्याच्या उद्या क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या, एवढं एक माझं ऐका.

रिपोर्ट आला तेव्हा क्रिएटिनिन ४.६ होतं आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करतेय त्याचा आकडा, १०. तो १५ च्या खाली गेला की किडनीची पाचवी म्हणजे शेवटची स्टेज. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं की हातावर फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुया घालायला शीर तयार करायचं ऑपरेशन, करून ठेवा, म्हणजे वेळ आली की धावपळ नको. आम्ही केला नाही. डायलिसिस हा शब्द ऐकूनच आईने जेवण सोडलं, गावात सगळे म्हणायला लागले एकदा मशीन लागलं की माणूस संपला. मग एकानं पत्ता दिला, तिथली पावडर अडीच महिने चालली, बारा हजार गेले आणि क्रिएटिनिन ८.९ वर गेलं. पैशाचं काही नाही. ते अडीच महिने फिस्टुला तयार व्हायला पुरले असते ही गोष्ट मात्र मला अजून रात्रीची आठवते.

फेब्रुवारी २०२२, रात्री दोनला आईला आडवं होता येईना, दम लागला, छातीत पाणी भरलेलं. मिरजेला नेलं. मानेत नळी घातली आणि पहाटे पहिलं डायलिसिस. पहिल्या वेळेला दोनच तास लावतात, रक्तातली घाण एकदम झपाट्यानं काढली तर डोकं ठणकतं, उलट्या होतात, झटकेसुद्धा येऊ शकतात. हे मला बाहेर येऊन सांगितलं ते तिथल्या इनचार्ज सिस्टरांनी, सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतात. त्यांनी माझ्याकडून आधी फाइल मागितली नाही. विचारलं, "आईंना घरात काय म्हणतात?" म्हणलं, आक्का. "आणि आक्का कशाला घाबरल्यात? मघापासून त्या छताकडं बघतायत, हात सोडत नाहीत माझा."

मला माहीत नव्हतं. मुलगा असून माहीत नव्हतं. सिस्टरांनी आत जाऊन आईलाच विचारलं आणि आईनं सांगितलं, तिला वाटत होतं की तिचं सगळं रक्त त्या मशीनमधे जाणार आणि परत येताना दुसऱ्याच कुणाचं येणार. मग सिस्टरांनी फिल्टरवर तिचा हात ठेवला, नळीवरनं बोट फिरवून दाखवलं की हे तुमच्याच मानेतनं आलं आणि हे तुमच्याच मानेत चाललं, एका वेळेला बाहेर असतं ते कपभर, बाकी सगळं तुमच्याजवळच आहे. आईनं फिल्टर चाचपला आणि म्हणाली, "कोमट लागतंय की." तिचं स्वतःचं रक्त तिला हाताला लागलं आणि तिची मूठ सुटली.

पहिला महिना आम्ही पैसे भरून डायलिसिस केलं. कुणी बोललंच नाही. मोठ्या सिस्टरांनीच रेशनकार्डाचा रंग विचारला, केशरी म्हणल्यावर आरोग्यमित्राच्या टेबलाकडं पाठवलं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कागद झाले की पेशंटकडून पैसे घेत नाहीत. आधार, रेशनकार्ड आणि डॉक्टरांचे कागद एवढं पहिल्या दिवशीच सोबत ठेवा.

मानेतली नळी म्हणजे तापाला उघडं दार. महाशिवरात्रीनंतर एकदा मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला आणि आईला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, ताप १०२. नळीत इन्फेक्शन. रक्त तपासायला गेलं, अँटिबायोटिक सुरू झाले, आठ दिवस ऍडमिट. आईनं चोरून डोक्यावरनं पाणी घेतलेलं, सण होता म्हणून. दुसरीकडं कुणी असतं तर खडसावलं असतं, आणि खरं सांगायचं तर मीच खडसावलं. सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, साठ वर्षं ज्या बाईनं डोक्यावरनं अंघोळ केल्याशिवाय देवाला हात लावला नाही तिला तुम्ही नळी भिजवू नको एवढंच सांगितलं, मग तिनं डोकं कसं धुवायचं ते कुणी सांगितलं का?

आणि मग शिकवलं. पेशंटला कॉटवर आडवं झोपवायचं, डोकं कडेच्या बाहेर, मानेखाली प्लास्टिक आणि त्यावर जाड टॉवेल, नळीच्या ड्रेसिंगवर वेगळं झाकण, तोंड दुसऱ्या बाजूला. खाली बादली. पाणी पाठीमागून घालायचं, कपाळाकडनं मागं. बायको माहेरी गेलेली तेव्हा एका रविवारी हे मी केलं. शिकेकाई कोमट पाण्यात कालवली, आईच्या डोक्याला लावली. माझ्या हाताला तिची टाळू लागली, केस इतके विरळ झालेले मला माहीतच नव्हतं, लहानपणी तिचा अंबाडा दोन मुठीत मावायचा नाही. ती डोळे मिटून होती. मधेच म्हणाली, "जरा कानामागं चोळ." खाजेमुळं तिला तिथं फार व्हायचं. मी चोळलं. नळीवर थेंब गेला नाही. नंतर केस पुसून ती सरळ देवघरात गेली.

फिस्टुला मार्चमधे झाला, डाव्या हाताला मनगटाच्या वर. धमनी आणि शीर आतून जोडून देतात, मग जोराचं रक्त शिरेत येतं, शीर फुगते, जाड होते, तेव्हा त्यात सुया घालता येतात. साधारण दीड दोन महिने लागतात, आईला शुगरमुळं शिरा बारीक म्हणून अडीच लागले. जखम भरल्यावर रबरी चेंडू दाबायला सांगतात. आई चेंडू विसरायची, कणकेचा गोळा मात्र रोज हातात, तर सिस्टर म्हणाल्या तोच दाबा. फिस्टुलावर बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं, त्याला तिथले सगळे थ्रिल म्हणतात. सकाळी उठल्या उठल्या ते बघायचं, लागलं नाही तर चहासुद्धा न घेता दवाखाना गाठायचा. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, रक्त काढणं नाही, वजन उचलणं नाही, उशाला घेऊन झोपणं नाही, घट्ट काही बांधणं नाही.

आणि इथं बांगड्या आल्या. ऑपरेशनच्या आधी काढायला लावल्या तेव्हा आई ढसाढसा रडली. दादा, म्हणजे माझे वडील, धडधाकट समोर बसलेले आणि सवाशिणीचा हात उघडा, तिला ते अशुभ वाटलं, घरी आल्यावर पदराखाली हात झाकून बसायची. शेजारणी येऊन बघायच्या ते आणखी वेगळं. मी म्हणलं, आई हे काय घेऊन बसलीस. बायकोनं पण समजावलं. मोठ्या सिस्टरांना पुढच्या खेपेला ते नुसतं तिच्या पदराकडं बघून कळलं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः हिरवा चुडा आणून आईच्या उजव्या हातात भरला, दोन्ही हातांच्या मिळून जेवढ्या असतात तेवढ्या एकाच हातात. म्हणाल्या, "आक्का, मोजा, कमी नाहीत." आईनं खरंच मोजल्या. तेव्हापासून डाव्या हाताला ती माझा हात म्हणत नाही. मधे डोळे तपासायला एका ठिकाणी गेलो तिथं एका मुलानं न विचारता डाव्या हाताला बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला तर आईनं हात ओढून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "ह्यो हात माझा न्हाई, मशीनचा हाय."

आता पाण्याचं. हे सगळ्यात अवघड. किडनीच्या पेशंटला तहान आपल्यासारखीच लागते, उलट जास्तच, आणि लघवी होत नाही, त्यामुळं प्यालेलं पाणी पायात, पोटात आणि शेवटी छातीत साठतं. सिस्टरांनी आधी चोवीस तासांची लघवी मोजायला सांगितली, ३०० मिली भरली. त्यात ५०० मिळवायचे, म्हणजे दिवसाचं पाणी ८००. नुसता आकडा सांगून माणूस पाळत नाही. त्यांनी बाटलीची युक्ती दिली. सकाळी ८०० मिली मोजून बाटली भरायची. पाणी प्यायचं ते तिच्यातलंच, आणि चहा प्याला की तेवढं पाणी बाटलीतनं ओतून टाकायचं, वाटीभर आमटी खाल्ली, ताक प्याली, की तेवढं ओतायचं. बाटली संपली की संपलं. आईला लिहिता येत नाही पण बाटली कळते.

दुसरी गोष्ट त्या म्हणाल्या ती मला फार पटली, पाणी तोडायच्या आधी मीठ तोडा. मीठ पोटात गेलं की तहान आवरतच नाही, मग कितीही रागवा. लोणचं, पापड, खारातली मिरची बंद केल्यावर पंधरा दिवसांत आईची तहान निम्म्यावर आली. मधे पाव्हण्यांपैकी एकजण बीपीवाल्यांचं लो सोडियम मीठ घेऊन आले, चांगल्या मनानं आणलेलं. बायकोनं पुडक्याचा फोटो सिस्टरांना पाठवला, त्यांचा लगेच फोन, ते घालू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, थकलेली किडनी ते बाहेर टाकत नाही, आक्कांना ते विष आहे. बाकी उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरायचा, चूळ भरून टाकायची, वेलदोडा चघळायचा, तांब्याऐवजी देवाच्या नैवेद्याची एवढीशी वाटी घ्यायची. एकदा मशीनसाठी पाणी किती लागतं ते टेक्निशियननं सांगितलं, मिनिटाला अर्धा लिटर, चार तासात १२० लिटर, तेही आरओचं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या वाटणीचं तेच पितंय."

चूक आमच्याकडनं पण झाली. मे महिन्यात भाचीचं लग्न, दोन दिवस बाटली घरीच, सरबत, मठ्ठा, आग्रह. मंगळवारी काट्यावर उभी केली तर ड्राय वेटपेक्षा ४ किलो २०० जास्त. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसताना असायला पाहिजे ते वजन, आईचं तेव्हा ४६. मोठ्या सिस्टर रजेवर होत्या, मीच घाई केली, म्हणलं सगळं आजच काढा, परत उद्या यायला लावू नका, मला शिफ्ट आहे. तिसऱ्या तासाला आईच्या पोटऱ्यांत गोळे आले, ओरडली, बीपी ८० वर, डोळे फिरले. पाय वर केले, सलाइन सोडलं, पाणी ओढणं थांबवलं, एका सिस्टरनं तळपाय धरून वर रेटून धरला तेव्हा गोळा सुटला. दुसऱ्या दिवशी राहिलेलं पाणी काढायला यावंच लागलं. मोठ्या सिस्टरांनी नंतर मला कागदावर हिशोब करून दाखवला, आक्कांच्या वजनाला चार तासात सव्वादोन अडीच लिटरच्या वर ओढलं की हृदयावर ताण येतो. वाढलं असेल तर एक खेप जास्त करायची, पण एका दिवसात उपसायचं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दोनाचे तीन वार केले, मंगळवार, गुरुवार, शनिवार.

आता बेदाण्याची गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगतो. आमच्या भागात फाल्गुन चैत्रात घरोघरी बेदाणा. आईला रानातलं काम होत नव्हतं म्हणून २०२३ च्या सीझनला ती बेदाणा निवडायला बसली, सोप्यात, पाटीभर पुढ्यात घेऊन. एका सकाळी उठली आणि पायात जीवच नाही, मांडी उचलेना. वार नव्हता तरी दवाखान्यात नेलं. पोटॅशियम ६.९. पाचाच्या वर गेलं तरी जास्त धरतात, ६.९ ला हृदय बंद पडू शकतं. ईसीजी बघून लगेच कॅल्शियमचं इंजेक्शन आणि मशीन. सगळे आईला विचारतायत काय खाल्लं, नारळपाणी घेतलं का, केळं खाल्लं का, आणि आई शपथेवर सांगते काही नाही, भाकरी आणि दोडका. खरंच सांगत होती, तिला खोटं बोलता येत नाही.

मोठ्या सिस्टर तिच्या उशाशी बसल्या, पोटॅशियमचा विषय काढलाच नाही. "आक्का, काल सकाळी उठल्यापासनं काय काय केलंत ते सांगा मला, निवांत." आई सांगायला लागली, उठले, देवपूजा केली, बाटली भरली, दहा वाजता बेदाणा निवडायला बसले ते पाच वाजले. "निवडताना चव बघता का ओ?" आई म्हणाली, "ते काय खानं झालं व्हय, हातचाळा तो." सात तासांचा हातचाळा. सिस्टरांनी विचारलं, किती द्राक्षाचा किती बेदाणा होतो. हे आईला पाठ, चार किलोला एक किलो. "मग आक्का, पाणी उडालं आणि पोटॅशियम तेवढंच राहिलं, मूठभर बेदाणा म्हणजे चार मुठी द्राक्षं की." आईला एका वाक्यात समजलं. पोटॅशियमचा तक्ता आमच्या फ्रिजवर वर्षभर चिकटवलेला होता, त्यात बेदाणे लिहिलेले पण होते. आई आता तोंडाला रुमाल बांधून निवडते.

भाज्यांचं बायकोनं आत्मसात केलं. चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, नवीन पाण्यात शिजवायच्या, बरंचसं पोटॅशियम निघून जातं, सगळं नाही. एका घरात दोन चुली नकोत म्हणून तिनं आमचंही मीठ कमी केलं. एवढ्या वर्षात दवाखान्यातून तिला स्वतंत्र फोन करून, जमतंय का, हात दुखतात का, असं विचारणाऱ्या सिस्टर एकट्याच. आहारवाल्या मॅडम पहिल्यांदा अंड्याचा पांढरा भाग खा म्हणल्या, डायलिसिस सुरू झालं की प्रोटीन जास्त लागतं, मशीनमधनं पण थोडं जातं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. सिस्टरांनी माळ बघितलेली, त्यांनीच मॅडमना सांगून मूगडाळ, थोडं पनीर, दही असं मोजून बसवलं, फॉस्फरसची गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, कारण ती जेवणातलाच फॉस्फरस पकडते, मागाहून घेऊन उपयोग नाही.

एकादशीवर मात्र मला वाटलेलं भांडण होणार. आपला उपवास म्हणजे बघा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, केळं, खजूर, नारळ. एक एक पदार्थ पोटॅशियमचा डोंगर, जणू किडनीच्या पेशंटला वाळीत टाकायलाच कुणी यादी केलीय. डॉक्टर म्हणलेले उपवास बंद. आई तोंडावर हो म्हणाली आणि घरी येऊन धरला. सिस्टर म्हणाल्या बंद करू नका, आपण बदलूया. वरी चालेल, साबुदाणा भिजवून धुऊन चालेल, पण खिचडीत कूट नाही आणि बटाटा नाही, जिरं आणि मिरचीची फोडणी पुरे. फळ पाहिजे तर अर्धं सफरचंद. शुगर असल्यानं उपाशी अजिबात राहायचं नाही, इन्सुलिनचं त्या दिवशी डॉक्टरांना विचारून कमी. आणि एकादशी मशीनच्या वारी आली तर चार तास बसून हरिपाठ म्हणायचा. आईनं हे मान्य केलं. दर एकादशीला ती मशीनवर असेल तर बाजूच्या बेडवरचे आजोबा पण तिच्याबरोबर म्हणतात.

२०२३ च्या पावसाळ्यात आई बोलायची बंद झाली. जेवण कमी, मशीनवर डोक्यावरनं चादर. मला वाटलं थकवा असेल, हिमोग्लोबिन बघितलं, इंजेक्शन आणि लोहाचं सलाइन चालूच होतं, ते १०.२ म्हणजे चांगलं होतं. एक दिवस तिनं सिस्टरांना सांगितलं, बास झालं, आता बंद करा. सिस्टरांनी मला बोलवून जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. "बंद करायचं का नाही हा हक्क आक्कांचा आहे, ते आपण ऐकायचं. पण त्या अंगाच्या त्रासानं म्हणतायत का तुमच्या पैशाच्या काळजीनं म्हणतायत ते आधी कळू दे." आणि मला बाहेर काढून पडदा ओढून अर्धा तास बसल्या. निघालं ते असं, मी आणि बायको रात्री बिनपगारी रजांचा हिशोब करत होतो ते आईनं ऐकलेलं. पोराची नोकरी माझ्यापायी जाणार हे डोक्यात.

त्यावर सिस्टरांनी काही मोठं भाषण दिलं नाही. आईची वेळ बदलून सकाळच्या पहिल्या शिफ्टला घेतली, म्हणजे मला दुपारची शिफ्ट मिळते, रजा पडत नाही. साध्या एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत असते त्याचा कागद भरून दिला, तसंही मार्च २०२३ पासून बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात झालेली, पण आम्ही आपले मोटरसायकलवरच न्यायचो, भिजत. मनाच्या डॉक्टरांकडं एकदा जाऊन या म्हणाल्या, गेलो, झोपेची हलकी गोळी मिळाली, किडनीला चालणारी. आणि आईला एक काम दिलं. नवीन पेशंट आला, घाबरलेला असला, की आक्कांनी त्याला बाटलीची युक्ती सांगायची. आई तेव्हापासून बंद करा म्हणाली नाही. कधी म्हणाली तर मी ऐकेन, तेवढं आता कळतं मला.

त्याच दिवशी त्यांनी माझं बीपी बघितलं. मी म्हणलं मला कशाला. १५०/९६. शुगर काठावर. "आक्कांच्या पोटचे तुम्ही, वर्षातनं एकदा क्रिएटिनिन आणि लघवी तपासायची, ठरलं." मी किडनी द्यायची म्हणत होतो, १९९४ च्या कायद्यात मुलगा जवळचा नातेवाईक धरतात, परवानगीला फार अडत नाही. पण या शुगर बीपीवर डॉक्टरांनी मला नको म्हणलं. दादांचं वय झालंय. प्रतीक्षा यादीत नाव घालायला आईनंच नकार दिला, ती किडनी एखाद्या लेकुरवाळीला मिळू दे म्हणाली. हे ऐकून मी वाद घातला, मग दोन दिवसांनी थांबलो.

तपासायच्या बाकी गोष्टी मोठ्या सिस्टर कधी चुकवत नाहीत. महिन्यातून एकदा आईच्या पायातले मोजे काढायला लावतात, बोटांच्या बेचक्यात बघतात, शुगरच्या पायाला जखम झाली तर कळत नाही म्हणून. एकदा टाचेतली भेग त्यांनाच दिसली, घरात आम्ही पाचजण असून कुणाला नाही. खाजेसाठी साबण कमी, अंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल, नखं बारीक. कावीळ बीची लस चार डोसात पूर्ण करून घेतली, पहिला, मग एक महिना, दोन महिने आणि सहा महिने, आणि डोस दुप्पट असतो. सुया दर वेळेला फिस्टुलावर थोडं वर सरकून, सारखं एकाच जागी नाही, नाहीतर तिथं फुगा येतो.

आईची एक इच्छा राहिलेली, पंढरपूर. आषाढी कार्तिकीच्या गर्दीत जमणार नाही हे तिलाही कळत होतं. मागच्या मार्गशीर्षात मोठ्या सिस्टरांनी स्वतःच विषय काढला. शनिवारचं डायलिसिस करून रविवारी जायचं, रात्री परत, सोमवारी आराम, मंगळवारी इथं. शनिवार ते मंगळवार हे अंतर आठवड्यातलं सगळ्यात मोठं, पाणी साठायचा धोका तेव्हाच जास्त, म्हणून बाटली सोबत घ्यायची आणि तिथल्या कुणाच्या हातचं काही प्यायचं नाही. एक कागद लिहून दिला, ड्राय वेट, रक्तगट, हेपॅरिनचा (मशीनमधे रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा) डोस, कावीळ निगेटिव्ह, डाव्या हाताला हात लावू नये, वाटेत काही झालं तर कुणी पण डॉक्टर बघतील. मिरजेहून सकाळची रेल्वे धरली. आई खिडकीशी, उजव्या हातात चुडा, मांडीवर ८०० मिलीची बाटली. मुखदर्शनाच्या रांगेतनं गेलो. तिला दिसलं. किती वेळ दिसलं विचारलं तर म्हणाली, पुरेसं.

चंद्रभागेवर तिनं फक्त पाय बुडवले. तीर्थ म्हणून ओंजळ घेतली, तोंडाजवळ नेली, थांबली, माझ्याकडं बघितलं आणि ओठ ओले करून बाकीचं डोक्याला लावलं.

मंगळवारी सकाळी सातला वॉर्डात गेलो तेव्हा मोठ्या सिस्टर दारातच. आईनं पिशवीतनं चुरमुऱ्याची पुडी आणि बुक्का काढला. सिस्टरांनी हात धरून आधी तिला काट्यावर उभं केलं. वाढ १ किलो ३००. मग चपला काढल्या, दोन्ही हात पुढं करून प्रसाद घेतला आणि कपाळ खाली केलं, आईनं डाव्या हातानं डबी धरून उजव्या हाताच्या बोटानं बुक्का लावला, आणि सिस्टर म्हणाल्या, "चला आक्का, सात नंबरचं मशीन तयार आहे."